शेवटचे कडवे : भीमगीतांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण आणि कवीचे नाव

आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिताना सभा, परिषदा, सत्याग्रह, ग्रंथ आणि नियतकालिके यांची नोंद आपण काळजीपूर्वक घेतो. गीतांची नोंद मात्र बहुधा उत्सवाच्या वर्णनापुरती राहते. वास्तविक पाहता ज्या घरांत अक्षर पोहोचले नव्हते, त्या घरांत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गाण्यानेच नेला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आदी जलसाकारांनी सत्यशोधक जलशांच्या वाटेवरून आंबेडकरी जलसा उभा केला. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गायनपार्ट्यांनी त्याच वाटेने बुद्ध आणि भीम यांची गाणी वस्तीवस्तीत नेली. हे सारे गाणे समोरासमोरचे होते. गाणारा दिसत असे. कवी बहुधा तोच असे, नाही तर त्याच्या शेजारी पेटीवर बसलेला असे. गाणे कोणाचे, हा प्रश्न श्रोत्याला पडण्याचे कारणच नव्हते.

आज स्थिती पालटली आहे. तालुक्याच्या गावातला एखादा तरुण गायक कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता घरच्या खोलीत गाणे मुद्रित करतो आणि त्याच रात्री ते जगभर प्रसारित करतो. अशा गायकाला ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ज्या समाजाला शतकानुशतके इतरांच्या दारात उभे राहावे लागले, त्या समाजातील कलावंताला कोणाच्या दारात जावे लागत नाही, ही घटना सामान्य नव्हे. तिचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु समीक्षेचे काम स्वागतापाशी संपत नाही. हे स्वातंत्र्य नेमके कोणाचे आणि कशापासूनचे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी एक अगदी साधी कसोटी पुरेशी आहे, असे आमचे मत आहे. ती कसोटी म्हणजे गाण्याचे शेवटचे कडवे.

तबकडीपासून मोबाईलपर्यंत

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी त्या वर्षी गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रात्रभर रंगणाऱ्या जलशाला तीन मिनिटांत बसविण्याचा प्रश्नच नव्हता. आणि कोणाचा आवाज मुद्रित करण्याजोगा आहे, हे ठरविण्याचा अधिकार मोजक्या कंपन्यांच्या हाती होता. तबकडी आणि ती वाजविणारे यंत्र ज्यांच्या घरी होते, त्यांच्या आवडीनिवडीवर हा व्यवसाय चाले. गावकुसाबाहेरच्या गाण्याला तेथे फारशी जागा नव्हती.

ही कोंडी फोडली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगापुढे आणलेली ही छोटी फीत १९८०च्या दशकात भारतात घरोघर पोहोचली. अमेरिकन संगीताभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा तपशीलवार अभ्यास केला आहे. उत्पादनाचा खर्च घटल्यामुळे मोठ्या कंपनीची मक्तेदारी ढासळली, गावोगावी लहान निर्माते उभे राहिले आणि प्रादेशिक, जातीय व धार्मिक समूहांची आपापली गाणी बाजारात आली, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. महाराष्ट्रातील भीमगीतांनाही हे विवेचन लागू पडते. प्रल्हाद शिंदे यांचा बुलंद आवाज, विठ्ठल उमप यांची लोककलेत मुरलेली गायकी आणि पुढे आनंद शिंदे व मिलिंद शिंदे यांची गाणी कॅसेटच्या मार्गाने खेड्यापाड्यांत गेली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला ग्रंथांच्या दुकानांशेजारी कॅसेटींचे गठ्ठे असत. त्यांच्या जागी पुढे सीडी आली, तिच्या मागोमाग मेमरी कार्ड आले, आणि आता तर गाणे विकत घ्यायची वस्तूच उरलेली नाही.

कॅसेटने आपल्या गायकांना मोठे केले, हे निर्विवाद आहे. तथापि तिच्या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र असे, कंपनीचे बोधचिन्ह असे. कवीचे नाव मात्र आतल्या बाजूला बारीक अक्षरांत असे आणि अनेकदा तेही नसे. गाण्याचा मोबदला बहुधा एकरकमी दिला जाई. कागदावर सही होई, पण कशावर सही केली हे सही करणाऱ्याला उमगतेच असे नाही. फीत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात उतरली की वेष्टन मागे राही आणि आवाज तेवढा पुढे जाई. वेष्टनाबरोबर कवीही मागे राही.

नाममुद्रा : कवीची सनद

मौखिक परंपरेला हा धोका फार पूर्वीपासून ठाऊक होता. म्हणूनच तिने कवीचे नाव वेष्टनावर न ठेवता गाण्याच्या देहातच ठेवले. संतांच्या अभंगांतील नाममुद्रा सर्वपरिचित आहे. शाहिरांनी ती उचलली आणि भीमगीतांच्या कवींनीही ती जपली. महाकवी वामनदादा कर्डक यांच्या कितीतरी गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हा शब्द येतो, तो यमकाच्या सोयीसाठी येत नाही. तो त्या गीताचा नोंदणीदाखला आहे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला आणि १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना अक्षरओळख झाली ती शाळेच्या वयात नव्हे, मोठेपणी मुंबईत. ज्या माणसाला आपले नाव लिहिता येण्यासाठी तारुण्याची वाट पाहावी लागली, तो माणूस प्रत्येक गीताच्या अखेरीस आपले नाव कोरून ठेवतो, या गोष्टीचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. येथे आत्मस्तुतीचा प्रश्न नाही. ज्यांची नावे शतकानुशतके कोणत्याही दप्तरात सन्मानाने लिहिली गेली नाहीत, त्यांच्यापैकी एकाने आपल्या श्रमावर केलेली ती सही आहे.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. गाणे लांबले की काय कापले जाते? धृपद कापता येत नाही, कारण तेच लोकांच्या ओठांवर असते. पहिले कडवे कापता येत नाही, कारण चाल तेथे उलगडते. कात्री चालते ती शेवटच्या कडव्यावर. आजच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत तर धृपदाखेरीज काहीच उरत नाही. म्हणजे ज्या जागी कवीने आपले नाव ठेवले, नेमकी तीच जागा यंत्राच्या सोयीसाठी प्रथम बळी जाते. हा कोणाचा कट नव्हे. परंतु परिणाम मात्र कट केल्यासारखाच होतो. काही वर्षांनी तेच गीत नव्या चित्रफितीखाली ‘पारंपरिक’ या शब्दासह प्रकट होते. ज्याचा कवी आपल्या वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला, ते गीत पारंपरिक कसे? परंपरा हा शब्द येथे विस्मरणाचे सभ्य नाव म्हणून वापरला जात आहे.

आपल्या धम्मपरंपरेचा दाखला या ठिकाणी उद्बोधक ठरेल. थेरीगाथेत एकूण ७३ गाथासमूह आहेत आणि ते थेरींच्या नावांनी संकलित झाले आहेत. तेथे आम्रपालीचे नाव आहे, तसेच पाणी वाहणाऱ्या दासी पुण्णिकेचेही आहे. शतकानुशतके कंठस्थ राहिलेल्या वाङ्मयाने दासीचे नाव गाळले नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या संग्रहाची पहिलीच गाथा ‘अञ्ञतरा थेरी’ म्हणजे ‘कोणी एक थेरी’ हिच्या नोंदीखाली येते. नाव ठाऊक नव्हते, म्हणून संकलकांनी ते दुसऱ्या कोणाला बहाल केले नाही आणि जागा कोरीही सोडली नाही. नाव माहीत नाही, हे त्यांनी नोंदवून ठेवले. आपल्या स्वतंत्र गायकांनी एवढे जरी केले, ‘पारंपरिक’ऐवजी ‘कवी अज्ञात, माहिती असल्यास कळवावे’ असे लिहिले, तरी अनेक विसरलेली नावे परत मिळतील.

गाणे समाजाचे, मग मालकी कशाची?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो घेणारे चळवळीचे प्रामाणिक कार्यकर्तेच असतात. ते म्हणतात, ही गाणी विकण्यासाठी लिहिली गेली नाहीत. कवींनी ती समाजाला दिली. ती जितक्या तोंडांतून गायली जातील तितके बरे. मग हक्क, करार, रॉयल्टी ही व्यापाऱ्यांची भाषा आपण का बोलावी?

हा आक्षेप हलक्या हाताने बाजूला सारता येणार नाही. वामनदादांसारख्या कवींनी आयुष्यभर गावोगावी फिरून गाणी दिली, ती हिशेब ठेवून दिली नाहीत. परंतु दानाचा विचार धम्माच्या परिभाषेत केला, तर एक भेद स्पष्ट होतो. दान हे देणाऱ्याच्या इच्छेने होते. जे दिलेले नाही ते घेणे यास अदिन्नादान म्हणतात, आणि त्यापासून विरत राहण्याची प्रतिज्ञा आपण दररोज पंचशीलात करतो. कवीने आपले गीत समाजाला दिले असेल. आपले नाव त्याने कोणाला दिले होते? समाजाला दिलेल्या गीतावर एखाद्या कंपनीने एकट्याचा हक्क सांगावा, हे तरी त्याने कधी मान्य केले होते? दाता अदृश्य झाला की त्याचे दान लुटीचा माल बनते. तेव्हा नाव जपण्याचा आग्रह हा दानाच्या विरोधात जात नाही. दान हे दान म्हणून टिकावे, यासाठीच तो आहे.

कायदाही या बाबतीत समजतो तितका परका राहिलेला नाही. कॉपीराईट अधिनियम, १९५७ नुसार गीताचे शब्द आणि चाल यांवर कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क राहतो. या हिशेबाने वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत चालतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एक मोठी गोष्ट केली. ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या गीताच्या कवीला आणि संगीतकाराला रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क आहे आणि तो हक्क, वारस किंवा कॉपीराईट सोसायटी यांखेरीज, कोणाला लिहून देताच येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. याच अधिनियमाचे कलम ५७ कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीस हरकत घेण्याचा विशेष अधिकार देते. हक्क विकल्यानंतरही हा अधिकार शिल्लक राहतो. नाममुद्रेचे कडवे गाळणे ही अशी मोडतोड होय किंवा नाही, हा वादाचा विषय होऊ शकेल. पण तो वाद उपस्थित करण्याची भूमी कायद्याने दिलेली आहे.

स्वतंत्र गायकाच्या दृष्टीने आणखी एक तरतूद ध्यानात घेण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती, अशी कायद्याची भूमिका आहे. गायकाने स्वतः पुढाकार घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर गाणे मुद्रित केले, तर त्या मुद्रणाचा मूळ मालक तोच होतो. पण येथेच त्याची कसोटी लागते. मालक झालेला गायक आता स्वतःच ‘कंपनी’च्या जागी येऊन बसला आहे. कंपनीने जे कवीशी केले, तेच तो करणार काय?

पंचशिखाची वीणा

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेकडे येऊ. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात एक हृद्य प्रसंग आहे. तथागत राजगृहानजीकच्या इंदसाल गुहेत असताना पंचशिख नावाचा गंधर्व बेलुवपंडु वीणेवर गाथा गातो. गाणे संपल्यावर भगवान दोन गोष्टी बोलतात. पहिली अशी की, तुझ्या तारांचा स्वर गीताशी आणि गीताचा स्वर तारांशी जुळतो; कोणीही दुसऱ्यावर मात करीत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ते विचारतात, या गाथा तू केव्हा रचल्यास? पंचशिख त्यांना काळ आणि स्थळ सांगतो.

संगीताच्या समीक्षकाने या दोन वाक्यांपलीकडे जाण्याची फारशी गरज नाही. वाद्य आणि शब्द यांचा तोल साधला आहे काय? आणि ही रचना कोणाची, केव्हाची, कोठली? आपल्या आजच्या बहुसंख्य मुद्रणांना हे दोन प्रश्न विचारले, तर उत्तर समाधानकारक येत नाही. जयंतीच्या मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंती डोळ्यांसमोर ठेवून गाणे रचले जाते. की-बोर्डचा ठेका आणि खर्जाचा दणका यांखाली शब्द दबतात. ज्या गाण्याचे प्रयोजनच विचार सांगणे हे आहे, त्याचे शब्द ऐकू न येणे हा तांत्रिक दोष नाही, आशयाचा दोष आहे. तरुणांनी नाचू नये असे कोणी म्हणत नाही. मुक्तीचा आनंद अंगातून व्यक्त होतोच. पण नाचताना कानावर पडलेला एखादा शब्द घरी सोबत यावा, एवढी अपेक्षा भीमगीताकडून केलीच पाहिजे.

याउलट उदाहरण म्हणून औरंगाबाद परिसरातील गायिका कडूबाई खरात यांचा उल्लेख करता येईल. हातात एकतारी, समोर मोबाईल आणि कोणताही साज नाही, अशा स्थितीत चित्रित झालेली त्यांची गाणी महाराष्ट्रभर ऐकली गेली. त्या चित्रफितींना स्टुडिओची सफाई नाही, पण प्रत्येक शब्द स्वच्छ पोहोचतो, कारण एका तारेला शब्दावर मात करता येत नाही. पंचशिखाची कसोटी त्या सहज उतरतात. मात्र अशा व्हायरल होणाऱ्या चित्रफितींच्या बाबतीत दुसरा प्रश्न आपण श्रोत्यांनी स्वतःला विचारावा. त्या पुढे पाठविताना ही रचना कोणाची, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले? भगवंतांनी गाणे ऐकून जे विचारले, ते विचारायला आपण विसरलो.

घरगुती मुद्रण करणाऱ्यांनी यातून घ्यायचा बोध सोपा आहे. आवाज प्रथम, साज नंतर. महागड्या यंत्रापेक्षा शांत खोली उपयोगी पडते. भिंतींवर गोधड्या टांगल्या तरी घुमारा कमी होतो. ध्वनिक्षेपकापासून वीतभर अंतर, गायकाचा आणि ढोलकीचा स्वतंत्र ट्रॅक, आणि मिश्रण करताना शब्द कळतो की नाही हे गीत ठाऊक नसलेल्या माणसाला ऐकवून पाहणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते. गाणे मोठ्या आवाजात भरल्याने ते उठून दिसते, हा समजही जुना झाला. यूट्यूब, स्पॉटिफाय यांसारख्या सेवा अतिमोठ्या पातळीचे गाणे ऐकविताना आपोआप खाली आणतात. तेव्हा दणक्यासाठी शब्दांचा बळी देऊन पदरात काहीच पडत नाही.

बुद्धवंदना आणि सुत्तपठण यांच्या मुद्रणाबाबत आणखी दक्षता हवी. लांबविलेल्या गीतस्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष भिक्खूंना सांगितलेले आहेत. म्हणणारा स्वतः स्वरात गुंततो, ऐकणारे गुंततात, गृहस्थ नावे ठेवतात, स्वर रंगविण्याच्या नादात समाधी भंगते आणि पुढची पिढी तेच अनुकरण करते. हा नियम उपासक गायकांना बांधील नाही, हे खरे. तरीही वंदनेला चित्रपटगीताचा साज चढविण्यापूर्वी त्यामागील विवेक ध्यानात घ्यावा.

प्रसाराचा प्रश्न

मुद्रण झाले तरी ते लोकांपर्यंत नेणे हे वेगळे काम आहे, आणि त्याचा आपल्याकडचा इतिहास बोलका आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला होता. बाबासाहेबांनी यावर तक्रार करीत बसण्याचा मार्ग धरला नाही. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे त्यांनी चालविली आणि चळवळीचे स्वतःचे मुद्रणालय उभे केले. लेखणी आपली असून भागत नाही, छापण्याचे यंत्र आणि वाचकांपर्यंतची वाट हीदेखील आपली असावी लागते, हा त्या प्रयत्नांचा धडा होय.

आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र गायकाच्या हाती आले आहे. वाट मात्र अजूनही दुसऱ्याची आहे. यूट्यूबने २०१८ पासून जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी किमान १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. स्पॉटिफायने २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रॉयल्टी देणे थांबविले. कोणते गाणे कोणापुढे ठेवायचे, हे यंत्राची गणिते ठरवितात. त्या नियमांना जात दिसत नाही, हे मान्य. पण ज्याच्याकडे आधीच प्रसिद्धी आहे त्यालाच ते अधिक प्रसिद्धी देतात. म्हणून या सेवांचा उपयोग जरूर करावा, परंतु त्यांच्यावर विसंबून संसार उभा करू नये.

अन्य प्रांतांतील अनुभवही पाहण्यासारखे आहेत. जालंधरच्या गिन्नी माही यांनी गुरू रविदास आणि बाबासाहेब यांच्यावरील गाणी २०१६च्या सुमारास यूट्यूबच्या मार्गाने पंजाबबाहेर नेली. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. १८९८ साली शाक्य बौद्ध संघ स्थापणाऱ्या पंडित अयोथी दास यांच्या जातिविरहित तमिळांच्या संकल्पनेतून त्याचे नाव आले. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम या संस्थेचे पाठबळ त्याला होते. स्वतंत्र कलावंत एकटा नसावा, त्याच्या पाठीशी समाजाची संस्था असावी, हे यातून दिसते. याच वाद्यवृंदातील कवी-गायक अरिवू यांचे ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध होऊन कोट्यवधी लोकांनी ऐकले. चहामळ्यांत राबलेल्या आपल्या पूर्वजांची आठवण त्यांनी त्यात आणली होती. परंतु त्याच वर्षी एका नामांकित संगीत नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या निमित्ताने अन्य कलावंत झळकले आणि अरिवू दिसले नाहीत. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यानंतर चूक सुधारण्याचा प्रयत्न झाला. २०२४ मध्ये त्या गाण्याच्या संगीतकाराने आपल्याला त्यापासून उत्पन्नच मिळाले नसल्याचे सांगितले. जगभर गाजलेल्या गाण्याची ही कथा आहे, तर देशवंडीच्या वाटेवरच्या कवीचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

विहारांनी आणि गायकांनी काय करावे

केवळ दोषदिग्दर्शन करून थांबणे योग्य होणार नाही. आपल्याच परिसरात चांगला पायंडा पडलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. माजलगावच्या महिलांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धांवर गायिलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ साली झाले. ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून हा ठेवा प्रसिद्ध करताना गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव ओवीबरोबर दिले. दळण दळताना गायिलेल्या दोन ओळींना जर नाव आणि गाव मिळू शकते, तर पाच कडव्यांच्या भीमगीताला का मिळू नये?

आमच्या सूचना चारच आहेत. पहिली, प्रत्येक गीताचे एक मुद्रण तरी संपूर्ण करावे, शेवटच्या कडव्यासह. लहान चित्रफीत त्यातून कापावी, पण तिच्याबरोबर कवीचे नाव आणि पूर्ण गीताचा पत्ता द्यावा. दुसरी, शब्द छापील संग्रहाशी ताडून पाहावेत. वामनदादांच्या बाबतीत ‘वाटचाल’ आणि ‘मोहोळ’ हे संग्रह त्यासाठी आहेत. तिसरी, कवी हयात असेल तर त्याच्याशी आणि नसेल तर वारसांशी एक पानाचा लेखी करार करावा. त्यात मुदत, वाटा आणि नाव देण्याची रीत स्पष्ट लिहावी. गाणे प्रसारणसेवेकडे पाठविताना गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी असलेल्या रकान्यांत स्वतःचे नाव भरून मोकळे होऊ नये. ती एक ओळ भरायला अर्धे मिनिट लागते. चौथी, मूळ मुद्रणाची एक प्रत आणि त्यासोबत कवी, गायक, वादक, स्थळ व तारीख यांची नोंद जवळच्या विहाराच्या ग्रंथालयात ठेवावी. विहारात ग्रंथांचे कपाट असते, तसे गाण्यांचेही असावे. मोबाईल हरवतो, वाहिनी बंद पडते, विहार राहतो.

१९९७ साली रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारानंतर विलास घोगरे यांनी आत्मबलिदान केले. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी तो १९८५च्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात आणि पुढे २०११च्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये नावानिशी जपला. असे भाग्य फार थोड्यांना लाभले. वस्तीवस्तीत असे कितीतरी कवी होऊन गेले, ज्यांच्या वह्या पावसात भिजल्या किंवा रद्दीत गेल्या. त्यांचे धृपद कदाचित अजूनही कोणी गुणगुणत असेल. शेवटचे कडवे मात्र कोणालाच आठवत नाही.

कंपनीपासून मोकळा झालेला गायक स्वतंत्र म्हणावयाचा की नाही, हे त्याच्या वर्गणीदारांच्या संख्येवरून ठरणार नाही. तो दुसऱ्याचे नाव कसे जपतो, यावरून ते ठरेल. येत्या जयंतीला आपल्या मंडळाच्या मंचावर कोणी भीमगीत गाईल, तेव्हा श्रोत्यांनी त्याला शेवटचे कडवे गाण्याचा आग्रह करावा. ते आठवत नसेल, तर ते शोधून काढण्याचे काम त्या रात्रीपासूनच सुरू व्हावे.